तांब्याचा जोड

मारोतराव खडतकर रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होत आली होती, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यात, ते ज्या घरी जात, त्या घरातला पंखा नाहीतर मिक्सर खोलून बसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आधी विचारायचं वगैरे त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांची बायको वनमालाबाई डोक्याला हात लावून म्हणायची, "लोकाच्या वस्तूला हात लावायच्या आधी एकदा विचारत तं जा!" त्यावर मारोतरावांचं उत्तर ठरलेलं. "दुरुस्त करून देऊन राहिलो ना? बिघडवून थोडी देऊन राहिलो?"

काम मात्र चोख. त्यात खोट काढायला जागा नसे. शेडमध्ये इंजिनाचा नट पक्का आवळून झाला, की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा अशी रीत होती, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला कळायचं की इथे हात फिरलेला आहे. मारोतरावांनी ती रीत आणि रंगाची छोटी डबी, दोन्ही घरी आणली. पाण्याच्या पंपावर, कूलरच्या स्टँडवर, शिलाई मशीनच्या पायावर, जिकडे पाहावं तिकडे पिवळे ठिपके. त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी म्हणायची, आमच्या घरात न आवळलेली एकच वस्तू आहे, बाबांची जीभ.

मंजिरीला दिली होती भोपाळला. जावई निरंजन सरकारी कचेरीत कामाला, मितभाषी माणूस. दोन हजार साली छत्तीसगड वेगळं झालं, कर्मचाऱ्यांच्या याद्या लागल्या आणि निरंजनचं नाव निघालं रायपूरच्या यादीत. बाकीचे भोपाळवाले त्या यादीच्या नावानं बोटं मोडत होते. मारोतरावांनी मात्र पाराभर पेढे वाटले. लेक सासरी गेलेली, ती सासरच घेऊन माहेरच्या गावात आली. आपल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांनी जावयाला भाड्याचं घर पाहून दिलं. निरंजन आला तो आपली विधवा आई शारदाबाई आणि एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेऊन. सासूबाईंचं स्वागत वनमालाबाईंनी केलं आणि गाडीचं मारोतरावांनी. उन्हाळाभर ते त्या गाडीच्या पोटात डोकं घालून बसलेले असत.

शारदाबाईंना रायपुरात सगळं मिळालं, पण नर्मदा सुटली. जन्मभर दर संक्रांतीला त्या होशंगाबादला जाऊन नर्मदेत बुडी मारून आलेल्या. इथे नदी म्हणून लोक खारूनकडे बोट दाखवायचे, तेव्हा त्या नुसतं हसायच्या. दोन हजार दोनच्या संक्रांतीला निरंजन म्हणाला, चल, तुला नर्मदेच्या उगमालाच नेतो. म्हणून तो, मंजिरी आणि शारदाबाई असे तिघं त्या पांढऱ्या गाडीनं अमरकंटकला गेले. बाईंना दम्याचा त्रास. पहाटेचं स्नान, ओले केस, वर थंडी अशी की गवतावरचं दव गोठलेलं. गाडीत बसल्यावर निरंजननं हीटर लावला, तर त्यातून आला गार वारा. घाटात धुकं होतं, काच पुसायला मंजिरीनं पदर वापरला, आणि बिलासपूर येईस्तोवर शारदाबाईंचे ओठ निळे पडले. रायपूरला पोचल्यावर गाडी घरी न जाता सरळ एका खासगी दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. दोन दिवस त्यांना ऑक्सिजन लावून ठेवलं होतं.

आणि त्या दवाखान्यात मारोतराव बोलले.

बोलायला नको होतं हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. आपल्यात जावयाला असं बोलत नाहीत. जावई आला की आधी त्याचं पान मांडतात, त्याचं जेवण झाल्याशिवाय सासरा हात धुवायला उठत नाही. पण मंजिरीच्या तोंडून हीटरची गोष्ट ऐकली आणि मारोतरावांमधला फिटर सासऱ्याला ढकलून पुढे आला. वनमालाबाई होत्या, मंजिरी होती, निरंजनच्या कचेरीतले साहूजी बायकोला घेऊन भेटायला आले होते. हिरव्या पडद्याच्या अलीकडे, बाकड्याजवळ, सगळ्यांच्या देखत मारोतराव सुरू झाले.

"हीटर चालत नव्हता म्हणजे काय, निरंजनराव? निघायच्या आधी पाहाले नको? दम्याच्या माणसाले घेऊन घाटात जाऊन राहिले तुम्ही, अन् गाडीत गरम हवा येते का नाही हे तुम्हाले मालूम नाही? फाइल चालवणं येगळं, गाडी चालवणं येगळं! माही आई असती तं मी आधी गाडी तपासली असती, मंग चाक हलू देलं असतं!"

"बाबा, बस ना," मंजिरी रडवेली होऊन म्हणाली.

"बस काहून? चुकलं त्याले चुकलं म्हणाचं नाही का? आईच्या जिवाशी खेळ झाला, अन् मी गप्प बसू?"

साहूजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. निरंजननं मान खाली घातली. भोपाळात वाढलेला तो सासऱ्याला नेहमी हिंदीतच उत्तर द्यायचा, तसंच त्यानं दिलं. "गलती हो गई, बाबूजी." एवढंच. त्याचे कान लाल झाले होते. मारोतरावांना ते दिसलं आणि, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आपण बरोबर असण्याची जी एक ऊब असते, ती त्यांना त्या थंडीत चांगलीच लागली.

शनिवारी शारदाबाई घरी आल्या. रविवारी सकाळी अकरा वाजता मारोतराव पान्यांची पिशवी घेऊन जावयाच्या घराजवळच्या मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत हजर. गाडी तिथेच उभी असायची, कारण गल्लीत ती मावत नसे. निरंजन खाली आला आणि म्हणाला, "रहने दीजिए ना बाबूजी. मैं सोमवार को गैरेज में दिखा दूँगा."

"गॅरेजवाला काय माह्यापेक्षा जास्त शिकून आला का?" असं म्हणून मारोतरावांनी बॉनेट उघडलंसुद्धा. निरंजन पुन्हा एकदा म्हणाला, "सच में बाबूजी, जरूरत नहीं है." मारोतरावांना वाटलं, शरमला आहे बिचारा. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

इंजिन सुरू झालं आणि प्रेक्षक जमले. समोरचा पानठेलेवाला नत्थू आला, मंदिरातून निघालेले दोघं-तिघं थांबले. प्रेक्षक असले की मारोतरावांचे हात अधिक चालत.

"हीटर म्हणजे काही येगळी आग नसते," त्यांनी सगळ्यांना सांगायला घेतलं. "इंजिनाचं गरम पाणी एका रबरी नळीतून आत येते. आत एक छोटी जाळी असते, त्याच्यातून फिरते. मागून पंखा वारा मारते. तोच वारा गरम होऊन तुमच्या अंगावर येते, अन् पाणी दुसऱ्या नळीनं वापस इंजिनात जाते. आता कुठं अडलं, ते पाहाचं."

आधी त्यांनी पंखा पाहिला. पंखा जोरात फिरत होता, वारा येत होता, पण थंड. मग इंजिन तापायच्या आतच रेडिएटरचं झाकण काढून पाणी पाहिलं. त्यांची खात्री होती की पाणी कमी असणार. पाणी काठोकाठ निघालं. ते थोडे खट्टू झाले. "नशीब, पाणी तरी टाकता," ते निरंजनला म्हणाले. दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. काही मेस्त्री लोक थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, मग इंजिन हवं तेवढं तापतच नाही. तसं असेल तर तापमानाचा काटा खालीच राहील. काटा चढला आणि बरोबर मध्यावर जाऊन थांबला. मग डॅशबोर्डखाली आडवं होऊन त्यांनी गरम-थंडचा दांडा इकडेतिकडे करून पाहिला. तार तुटलेली नव्हती, आतला पडदा हलत होता.

"देखभाल नसली की असंच होते," कपडे झटकत ते म्हणाले. काय होतं ते अजून सापडलं नव्हतं, पण कोणामुळे होतं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "आता राहिल्या दोन नळ्या. दोन्ही गरम असल्या तं पाणी फिरून राहिलं. एक गरम अन् एक थंडी, तं जाळी चोंदली. हातानं कळते, मशीन नाही लागत."

त्या नळ्या इंजिनाच्या मागे, खाली, हवेच्या फिल्टरच्या डब्याआड होत्या. मारोतरावांनी डबा काढून नत्थूच्या हातात दिला, इंजिन बंद केलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

हाताला आधी लागली गुंडाळलेली सुती पट्टी. पट्टीच्या आत काहीतरी वाकडं, टणक, गरम. रबराची नळी तिथून पुढे गाडीत जायला हवी होती, ती जात नव्हती. ती वळून परत येत होती. मारोतरावांची बोटं त्या वळणावरून फिरली आणि थांबली. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. घोड्याच्या नालेच्या आकाराची तांब्याची नळी. दोन्ही टोकांना क्लँप. दोन्ही क्लँपचे स्क्रू वरच्या बाजूला, पान्याला सोपं जावं म्हणून. त्यांनी वाकून पाहिलं. त्या काळोखात दोन पिवळे ठिपके होते.

मे महिना त्यांना असा आठवला, की जणू कोणी कानशिलात दिली. पंचेचाळीस डिग्रीची दुपार. निरंजन कचेरीत. मंजिरी सहज म्हणाली होती, "बाबा, गाडीत पायाशी गरम हवा येते, आईंना सहन होत नाही." हीटरचा नळ अडकून बसला होता, पुरता बंद होत नव्हता. नवा नळ आणायचा तर गोल बाजाराच्या पलीकडे दुकानं पालथी घालावी लागली असती, तेही त्या उन्हात. मारोतरावांनी घरातला तांब्याच्या नळीचा तुकडा तापवून वाकवला आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या. पाणी इंजिनातून निघून इंजिनातच परत. हीटर कायमचा बाद. "रायपुरात हीटर कोणाले लागते?" असं ते तेव्हा म्हणाले होते, पण एकटेच. मग कैरीचं पन्हं प्यायले, झोपले आणि विसरले. त्या उन्हाळ्यात त्यांनी त्या गाडीत अशी पंधरा-वीस कामं केली होती. सांगितलं त्यातलं एकही नव्हतं.

"का होगे नाना?" काय झालं, असं नत्थूनं आपल्या छत्तीसगढीत विचारलं; पाऱ्यात मारोतरावांना सगळे नानाच म्हणत. "मिल गे का?"

मारोतरावांना वाटलं, बॉनेट आपल्या डोक्यावर पडलं तरी चालेल, पण कोणी आत वाकून पाहू नये. एका वाक्याचं काम होतं. 'अरे, हे मीच केलं होतं,' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. चार लोक हसले असते, दवाखान्यातल्या बोलण्याची जावयाकडे तिथेच माफी मागता आली असती. ते वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं. पण जीभ हलली ती भलतीकडेच.

"हवा," ते म्हणाले. "पाण्यात हवा अडकली."

मग त्यांनी आपल्या पाठीनं सगळ्यांची नजर अडवली आणि भराभर काम केलं. क्लँप सैल केले, फडक्यानं धरून तांब्याचा तुकडा काढला, पाणी सांडलं ते सांडू दिलं, दोन्ही नळ्या त्यांच्या मूळच्या जागी बसवून आवळल्या. तुकडा ठेवायचा कुठे? पिशवी नत्थूच्या पायाशी. त्यांनी तो पँटच्या खिशात टाकला. इंजिनाच्या पाण्यानं तो चांगलाच तापलेला होता. मांडीला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ओरडायची सोय नव्हती. एकसष्ट वर्षांचा माणूस चोरलेला लाडू लपवावा तसा खिसा दाबून उभा राहिला. पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. पाच मिनिटांनी गाडीतून गरम वाफ यावी तशी हवा यायला लागली.

नत्थूनं आत हात घालून पाहिला आणि तो ओरडलाच, "नाना के हाथ म जादू हे!" मंदिरातले दोघं म्हणाले, वा नानाजी, वा. वरच्या खिडकीतून मंजिरी पाहत होती, तिचा चेहरा फुलला. आणि मारोतराव, ज्यांना त्या क्षणी तिथून नाहीसं व्हायचं होतं, ते हसले. हसून वर म्हणाले, "काही नाही हो. लोक वेळेवर लक्ष देत नाही, म्हणून होते असं."

म्हणताना त्यांची नजर सवयीनं निरंजनकडे गेली. नत्थूनं दिलेला फिल्टरचा डबा धरून तो उभा होता. त्यानं सासऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि म्हणाला, "जी बाबूजी. ध्यान रखूँगा."

चोरी करणं एक, आणि ज्याचं चोरलं त्यालाच चोर म्हणणं दुसरं. मारोतरावांनी दोन्ही एकाच आठवड्यात केलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती. त्यांना स्वतःची किळस आली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर त्यांनी कधी आपला ठिपका दिला नव्हता. आपलं काम आपल्या नावावर, ही त्यांची ऐट. आज ते आपलंच काम खिशात घालून जिना चढत होते.

वर वनमालाबाई आधीच आलेल्या होत्या. मंजिरीनं बाबांसाठी म्हणून खास बेसनाच्या वड्यांची भाजी केली होती. मारोतराव ती ताटात नुसती चिवडत बसले. "काहून, बरं नाही का?" वनमालाबाईंनी विचारलं. ते म्हणाले, ऊन लागलं. जानेवारीत ऊन कोणाला लागतं, असं मनात आणून वनमालाबाईंनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

जेवण झाल्यावर ते गच्चीवर गेले. शारदाबाई खाटेवर, उन्हाकडे पाठ करून, शाल पांघरून बसल्या होत्या. आठ दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायच्या. निरंजन त्यांच्यासाठी वाफेचं भांडं घेऊन आला होता, ते तो खाटेजवळ ठेवत होता.

"या व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "मंजिरी सांगत होती, हीटर सुरू केला म्हणे तुम्ही."

"हो," मारोतराव म्हणाले.

"चांगलं झालं. निरंजनला तर घाटातच समजलं होतं ना. वाटेत केंवचीला, मंजिरी माझ्यासाठी चहा आणायला गेली तेव्हा, एक मिस्त्री भेटला, त्यानं खोलून पाहिलं. त्याच्याजवळ औजार नव्हतं, आणि मला धाप लागली होती, म्हणून हा थांबला नाही." त्यांनी श्वास घेतला. "मी विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, आई, उन्हाळ्यात मीच बंद करवून घेतलं होतं, ध्यानातच नाही राहिलं. काय करता! मुलगा आहे, चुकतो."

मारोतरावांनी निरंजनकडे पाहिलं. निरंजन वाफेच्या भांड्याचं झाकण नीट बसवत होता. ते नीटच बसलेलं होतं, तरी तो बसवत होता.

म्हणजे याला ठाऊक होतं. त्यानं ते दोन पिवळे ठिपके घाटातल्या थंडीत, आई मागे धापा टाकत असताना पाहिले होते. या घरात ते कोणाचे, हे लहान पोरालासुद्धा कळलं असतं. दवाखान्यात मारोतराव तोंड सोडून बोलत होते तेव्हा त्याला ठाऊक होतं. साहूजींसमोर 'गलती हो गई' म्हणाला तेव्हा ठाऊक होतं. आणि आज खाली, 'जरूरत नहीं है' असं दोनदा म्हणाला, ते शरमून नव्हतं. तो सासऱ्याला वाचवायला पाहत होता. आणि सासऱ्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं होतं.

मारोतरावांना त्या उन्हात थंडी वाजली. आता गप्प राहिलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. जावयानं या गोष्टीचं दार लावून घेतलं होतं, कडीही घातली होती. फक्त जन्मभर त्याच्यासमोर जेवायला बसावं लागणार होतं.

"विहीणबाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "ते निरंजनरावानं नाही केलं."

"बाबूजी, रहने दीजिए," निरंजन पटकन म्हणाला.

"राहू देऊन देऊनच इथवर आलं ना!" मारोतरावांनी खिशातून तांब्याचा तुकडा काढला आणि खाटेवर ठेवला. "हे पाहा. हे मी केलं. मे महिन्यात. कोणाले विचारलं नाही, कोणाले सांगतलं नाही, अन् मीच विसरून गेलो. आज खाली मले सापडलं तं मी लपवलं. हवा अडकली म्हणून खोटं सांगतलं. तुमच्या जिवावर बेतलं ते माह्यामुळं बेतलं. माफी मागाले तोंड नाही मले."

शारदाबाईंनी तो तुकडा हातात घेतला. उलटापालटा करून पाहिला. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"विसरलात, ते ठीक आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "विसरतो माणूस. माझी तर तब्येतच अशी, मी दुसऱ्या कशानंही पडले असते. त्याचं मला काही नाही." त्या थांबल्या, श्वास घेतला. "पण व्याहीबुवा, त्या दिवशी दवाखान्यात मी पडद्याच्या पलीकडेच होते. तोंडाला नळी होती, बोलता येत नव्हतं. ऐकू सगळं येत होतं."

मारोतरावांची मान खाली गेली.

"तेव्हा तर तुम्हाला माहीत नव्हतं ना हे तुमचं काम आहे म्हणून? मान्य. तुम्हाला वाटत होतं की माझ्या पोरानं चूक केली. त्याची आई आत मरते का जगते, हे त्याला ठाऊक नाही, दोन रात्री तो झोपलेला नाही. अशा माणसाची समजा चूक असतीच, तरी त्याला असं बोलायचं? चार लोकांत? कशासाठी?"

तांब्याच्या नळीचं उत्तर मारोतरावांकडे होतं. उन्हाळा होता, हीटरचा नळ अडकला होता, विसरलो. त्या सगळ्याला काही ना काही म्हणता येत होतं. पण जावयाचे लाल झालेले कान पाहून आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्या माउलीला कसं सांगायचं? त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. निरंजन म्हणाला, "आई, बस." आईनं हात वर करून त्याला थांबवलं.

"माझी नका मागू माफी," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आणि याला एकट्याला कोपऱ्यात घेऊनही नका मागू, तो लगेच पाया पडून मोकळा होईल. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर सांगा. साहूजी येणार आहेत चार वाजता, बायकोला घेऊन. मंजिरीही आहे, वनमालाताईही आहेत. तोवर बसा इथेच."

मारोतराव बसले. साडेतीन वाजले होते. आपल्याला दुपारी झोपायची सवय आहे, असं म्हणून उठता आलं असतं. पायानं दोनदा तसा विचारही केला. वनमालाबाई वर आल्या, खाटेवरचा तुकडा त्यांनी पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं. त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्या काही न विचारता त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मंजिरी चहा घेऊन आली. कप वाटून तीही तिथेच थांबली. मारोतरावांचा चहा समोर निवला.

चारला दहा मिनिटं असताना जिन्यावर पावलं वाजली. साहूजी हातात पेरूंची पिशवी घेऊन आले, मागे त्यांची बायको. नमस्कार-चमत्कार झाले. साहूजी खुर्चीवर बसता बसता मोठ्यानं म्हणाले, "अरे नानाजी, नीचे नत्थू बता रहा था, आपने तो कमाल कर दिया!"

मारोतराव उभे राहिले. निरंजन पुन्हा काहीतरी म्हणायला पुढे आला, तर त्यांनी त्याचा हात धरून त्याला आपल्या शेजारी उभं केलं आणि तो हात सोडला नाही.

"साहूजी," ते आपल्या रेल्वेच्या हिंदीत म्हणाले, "गाडी मैंने बिगाड़ी थी. इनकी कोई गलती नहीं थी. उस दिन अस्पताल में जो जो मैं इनको बोला, वो सब मेरे को बोलने का था. और ये मालूम होके भी चुपचाप सुनते रहे."